आधी मागचे, मग पुढचे

प्रमुख पाहुण्यांची बायको विमानाच्या दारात अडखळली, तेव्हा शिडीखाली उभे असलेले सगळे हसले. ती स्वतःही हसली, पदर सावरून आत गेली. तागडीबाई मात्र हसल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात त्या स्वतः त्याच दारातून आत गेल्या होत्या. तेव्हा शिडीचा वरचा फळा आणि विमानाचा उंबरठा अगदी एका पातळीत होते. आता उंबरठा चार बोटं वर आला होता. शिडी जागची हललेली नव्हती, तिचे चारही पाय खाली टेकवून घट्ट आवळलेले होते. मग वर काय आलं?

त्यांनी मान वळवून विमानाच्या पुढच्या पायाकडे पाहिलं. चाकाच्या वर त्या पायात एक चकचकीत दांडा असतो, जाड नळीतून आतबाहेर सरकणारा. नाकावर भार असला की तो आत दबतो, भार उतरला की बाहेर येतो. गेल्या आठवड्यात चार बोटं चमकत होती. आता आठ.

नव्वद माणसं पोटात घेऊन ते विमान हळूहळू मागे कलत होतं, आणि हे साऱ्या जगात एकट्या तागडीबाईंना ठाऊक होतं.

तागडी हे काही त्यांचं नाव नव्हे. विमानतळावरच्या वजनाच्या कचेरीत त्या चोविसाव्या वर्षी लागल्या, आणि पहिल्याच आठवड्यात हमालांनी हे नाव ठेवलं. मापात माप, तोलात तोल, कुणाचा मुलाहिजा नाही. कुठली पेटी कुठल्या कप्प्यात, किती माणसं पुढे, किती मागे, इंधन किती, हे सगळं कागदावर मांडून विमानाचा तोल नेमका कुठे पडतो ते काढायचं आणि खाली सही करायची. ती सही झाल्याशिवाय कप्तान इंजिनाला हात लावत नसे. बत्तीस वर्षं त्यांनी हे काम केलं, आणि त्यातली एकोणीस या एका विमानासाठी. आवाजाच्या दुप्पट वेगानं जाणारं, लांबलचक चोचीचं, बगळ्यासारखं पांढरं विमान. माणसं जेवायला बसायची आणि हात धुवेपर्यंत समुद्र ओलांडलेला असायचा.

लोकांना त्याच्या वेगाचं वेड. तागडीबाईंना वेड होतं ते त्याच्या तोलाचं. आवाजाच्या पुढे गेलं की हवा त्याला जिथे उचलून धरते ती जागाच मागे सरकते. साधं विमान असतं तर नाक खाली घालून गेलं असतं. हे पठ्ठं काय करायचं, तर पुढच्या टाक्यांतलं इंधन मागच्या टाकीत ओतायचं. वीस टन! उतरताना पुन्हा पुढे. खांद्यावरची कावड चालता चालता मागेपुढे सरकवावी तसं. "बाकीची विमानं उडतात," त्या म्हणायच्या, "हे तोल सांभाळत चालतं."

त्यांचे यजमान त्याच विमानाचे इंजिनवाले. चार इंजिनं, त्यांच्या शेपटातून निघणाऱ्या ज्वाळा, तापून वीतभर लांब होणारं अंग, आतून हात लावला तर ऊन लागणारी खिडकीची काच, यावर ते तासन्‌तास बोलत. बायकोच्या कामाला मात्र ते आयुष्यभर 'कागद' म्हणत आले. "मी विमान उडवतो, तू त्याची पावती फाडतेस." यावर घरात भांडणं झाली, अबोले झाले, मुलांची लग्नं झाली, आणि विमान सेवेतून निघून या पटांगणावर संग्रहालयाचं होऊन उभं राहिलं तरी वाद काही मिटला नाही.

पण आयुष्यात एक दिवस असा होता, ज्याची आठवण निघाली की तागडीबाईंच्या कानाच्या पाळ्या अजून गरम व्हायच्या. भरलेलं विमान त्यांनी चाळीस मिनिटं अडवून धरलं होतं. शेपूट जड आहे, म्हणाल्या. सगळं सामान उतरवलं, पुन्हा मोजलं. शेपूट जड नव्हतं. एक कप्पा त्यांनी बेरजेत दोनदा धरला होता. कप्तान खिडकीतून वाकून सगळ्या धावपट्टीला ऐकू जाईल असं म्हणाले होते, "बाई, विमान हवेत उडतं, तुमच्या वहीत नाही!" त्यानंतर वर्षभर त्यांच्या सहीखाली दुसऱ्याची सही लागत असे.

तेच कप्तान आज पाहुणे म्हणून आत पुढच्या रांगेत बसले होते.

तागडीबाईंनी शिडीजवळच्या मुकादमाची बाही ओढली. हमालांचा म्हातारा मुकादम, त्यांच्याच काळातला.

"मुकादम, दांडा बघा."

त्यानं वाकून बोटं लावली. चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. "आठ. ताई, गेल्या आठवड्यात चार होता हा."

"बारा झाली की?"

"बाराला चाक जमीन सोडतं."

"इथून हलू नका. दर बोटाला आकडा ओरडा. नुसता आकडा, दुसरं चकार अक्षर नाही."

"आणि मी इथं नाकाखाली उभा राहू? वरून खाली आलं तर?"

"नाक वर चाललंय. तुमच्यावर कशाला पडेल?"

"शेपूट आपटून परत आलं तर?"

"तर पळा."

त्या शिडी चढू लागल्या. चढता चढता डोकं आपोआप मांडणी करत होतं. आत ब्याण्णव माणसं. त्यांनी मोजली होती, मोजल्याशिवाय त्यांना राहवतच नसे. फलकावर 'एका वेळी चाळीस' लिहिलेलं, पण आज जुन्या कर्मचाऱ्यांचा मेळावा, कोण कुणाला अडवणार? त्यातली साठेक माणसं पंखांखालच्या मुख्य चाकांच्या मागे. कारण यजमानसाहेब मागे उभे राहून इंजिनांची कथा सांगत होते, आणि "मागे या, अजून मागे या!" म्हणून सगळ्यांना गोळा करत होते. पुढे तीसेक. म्हणजे आत्ता या घटकेला ते विमान पुढच्या तीस माणसांच्या भरवशावर उभं होतं. ती उतरली की संपलं. शेपूट खाली, नाक तीन मजले वर, शिडी सुटलेली, आणि दारात असेल तो थेट फरशीवर.

पण साठ माणसांनी हे विमान कलायला नको होतं. पुढच्या चोचीतली यंत्रं काढून नेली तेव्हा नाक हलकं झालं म्हणून तागडीबाईंनीच हिशेब करून पुढच्या सामानखोलीत चाळीस लोखंडी ठोकळे ठेववले होते. एकेक पंचवीस किलोचा. ते कुठे गेले?

"नऊ!" खालून मुकादमाची आरोळी आली.

दारात संग्रहालयाचे व्यवस्थापक टाळ्या वाजवत होते. नवा सूट, छातीवर फूल. "चला मंडळी, पुढच्या मान्यवरांनी खाली यावं, चहा तयार आहे. साहेब, या, आधी आपण."

प्रमुख पाहुणे उठले. त्यांच्यामागे दोन रांगा उठल्या.

तागडीबाई उंबरठा ओलांडून आत आल्या आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या. आपले बावन्न किलो तरी पुढे आले, एवढाच विचार मनात आला.

"कुणी उतरायचं नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "आहात तिथं बसा."

"बाई, काय चाललंय हे?" व्यवस्थापक कुजबुजले. "पाहुणे आहेत."

"मागचे आधी उतरतील. पुढचे नंतर."

"मागच्यांना काय घाई आहे? सरका बघू. मी खाली जाऊन व्यवस्था बघतो."

"तुमचं वजन किती?"

"काय?"

"किलोत."

"ब्याण्णव. का?"

"बसा."

व्यवस्थापक बसले. का बसले ते त्यांनाही पुढे कधी सांगता आलं नाही. पण प्रमुख पाहुणे उभेच होते आणि मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली होती. तेवढ्यात कुणाच्या तरी पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली आडवी झाली आणि मधल्या वाटेवरून घरंगळत निघाली. सावकाश, ठुमकत, मागच्या दिशेनं. सगळ्यांच्या माना तिच्याबरोबर वळल्या.

"दहा!"

पहिल्या रांगेतून पांढऱ्या केसांचे कप्तान वळून बघत होते. आधी बाटलीकडे. मग तागडीबाईंकडे. त्यांनी ओळखलं. त्यांनी ओळखलं हे तागडीबाईंनाही कळलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

कप्तान उठून अगदी जवळ आले. "शेपूट?"

"हो."

"खात्री आहे?"

या प्रश्नाला एकदा त्या ठासून "हो" म्हणाल्या होत्या आणि तोंडघशी पडल्या होत्या. आज हातात कागद नव्हता, पेन्सिल नव्हती, ठोकळ्यांचा पत्ता नव्हता. चूक ठरल्या तर ही सगळी जुनी मंडळी, हेच हमाल, हेच कप्तान पुन्हा हसणार होते, आणि या वेळी ते हसू त्यांच्याबरोबर सरणापर्यंत गेलं असतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "खात्री करायला थांबलो तर खात्री होईल, कप्तानसाहेब."

कप्तानांनी त्यांच्याकडे एक क्षण पाहिलं. मग ते वळले, दोन्ही हात पसरले, आणि तोच जुना, ध्वनिक्षेपकातून यायचा तो सायीसारखा आवाज काढला. "मित्रहो, कप्तान बोलतोय! आपापल्या जागा घ्या. दोन खुर्च्यांत तीन-तीन बसा, लाजू नका. मागची मंडळी पुढे येणार आहेत, वाट मोकळी करा. ती बाटली माझी आहे, मी नंतर आणीन. साहेब, आपणही. विमानात कप्तानापेक्षा मोठा कुणी नसतो."

लोक हसले आणि बसले. प्रमुख पाहुणेही बसले.

आता उरले मागचे साठ, आणि त्यांच्यामधोमध एक इंजिनवाला. मोठ्यानं हाक मारावी तर धावपळ होणार, आणि घाबरलेला माणूस आधी जवळचं दार बघतो. मागचं दार शेपटीलाच होतं. सगळे तिकडे लोटले तर विचारायलाच नको. दाराशेजारी भिंतीवर पुढून मागे बोलायचा जुना दूरध्वनी होता. यजमानांनीच तो गेल्या महिन्यात खटपट करून चालू केला होता. तागडीबाईंनी तो उचलला आणि कळ दाबली.

मागे घंटी वाजली. यजमानांचा आवाज आला, सभेला ऐकवून बोलल्यासारखा. "बघा मंडळी, चाळीस वर्षांचं यंत्र, अजून ठणठणीत! हॅलो?"

"अहो, मी बोलतेय. हसत राहा. पुढच्या सामानखोलीतले ठोकळे कुठे आहेत?"

"कुठले ठोकळे?"

"लोखंडी. चाळीस."

"ती अडगळ होय? काढली की. परवा. त्या खोलीत मोठे भोंगे बसवलेत. आता कळ दाबतो, बघ, इंजिनांचा अस्सा आवाज येईल की खुर्च्या थरथरतील."

"भोंगे लावू नका."

"अगं, सगळे त्यासाठीच थांबलेत! तुझं काय असेल ते कागदाचं नंतर."

त्या ठोकळ्यांबद्दल तागडीबाईंनी त्यांना सांगितलं नव्हतं असं नाही. तीनदा सांगितलं होतं, त्यातलं एकदा जेवताना. पण बायकोनं सांगणं आणि नवऱ्याला माहीत असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे चाळीस वर्षं संसार केलेल्या कुणालाही विचारा.

"ते ठोकळे नाक खाली धरून होते," त्या म्हणाल्या. "दांडा दहावर आहे. तुम्ही साठ माणसं घेऊन शेपटीत उभे आहात."

इंजिनवाला असला तरी दांडा दहावर म्हणजे काय हे त्याला कळत होतं.

"अकरा!" खालून आरोळी आली. ती यजमानांना दूरध्वनीतूनही ऐकू गेली असावी, कारण त्यांचा श्वास अडकलेला तागडीबाईंनी ऐकला.

"काय करू?" त्यांनी विचारलं. चाळीस वर्षांत बायकोच्या कामाबद्दल हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता, पण त्याची मजा घ्यायला वेळ नव्हता.

"माणसं पुढे पाठवा. पळवू नका. एकेक, चालत. तुमच्या मागं आता एकही माणूस जाऊ देऊ नका. तुम्ही सगळ्यात शेवटी."

"मी का शेवटी?"

"कारण तुम्ही मागचं दार अडवून उभे राहणार आहात."

यजमानांनी दूरध्वनी ठेवला. मग लांबच्या लांब नळीसारख्या त्या दालनातून त्यांचा आवाज आला, किंचित कापरा, पण खणखणीत. "मंडळी, बेत बदलला! मघाशी मी म्हणालो ना, हे विमान तापून वीतभर लांब व्हायचं? ती वीतभर फट कुठे उघडायची, तर पुढे, कप्तानाच्या खोलीत. मोठ्यांनी आधी. काकू, तुम्ही निघा. नाही, नाही, मागचं दार बंद आहे हो, त्याची किल्ली हरवलीय! ढकलू नका. इतकी वर्षं उभं आहे हे विमान, दोन मिनिटं थांबेल."

ओळ हलली. वाट एका माणसापुरतीच. पहिली बाई चाकांच्या वर आली, पुढे गेली. दुसरा. तिसरा. एक जाडजूड गृहस्थ मधेच थांबून खिडकीतून पंखाचा फोटो काढू लागले. कप्तानांनी त्यांचा दंड धरून अलगद पुढे ओढलं. "इथून चांगला येत नाही."

मुकादम गप्प होता. अकरा आणि बाराच्या मधे दांडा अडकला होता. तागडीबाईंच्या तळपायांना जमिनीची बारीक थरथर जाणवत होती. पुढच्या चाकावर आता जेमतेम काही किलो उरले असतील. वाऱ्याचा एक झोत पुरेसा होता. त्या ओठातल्या ओठात मोजत होत्या. अकरा माणसं पुढे आली. चौदा. सतरा. विसावा माणूस पुढे सरकला तेव्हा खालून आवाज आला.

"दहा!"

व्यवस्थापकांनी खिशातून रुमाल काढला. "म्हणजे काय? बरं की वाईट?"

"तुम्ही बसून राहा," तागडीबाई म्हणाल्या.

"आठ! सात! ताई, सहा!" आकड्याखेरीज बोलायचं नाही हे मुकादम विसरला होता. "पाच हो, पाच!"

पुढची बाजू आता जत्रेसारखी भरली होती. खुर्च्यांत तीन-तीन, कप्तानाच्या खोलीत नऊ, वाटेत खांद्याला खांदा. एकजण म्हणाला, "हे स्वनातीत विमान आहे की वडापची जीप?" आणि जो हशा पिकला, त्यात कुणालाच कळलं नाही की मागच्या टोकाला एकच माणूस उरलाय. यजमान सावकाश चालत आले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. चाकांवरची जागा ओलांडली तेव्हा त्यांनी खाली पाहिलं आणि एक पाऊल जरा मोठं टाकलं, ओढा ओलांडावा तसं.

"आता उतरा," तागडीबाई दारातून बाजूला झाल्या. "साहेब, आधी आपण."

सगळे उतरल्यावर दांडा सहा बोटांवर स्थिर झाला. चाराच्या जागी सहा. ठोकळ्यांची उणीव. खाली चहा सुरू झाला होता आणि निम्म्या पाहुण्यांना वाटत होतं की तो सगळा कार्यक्रमाचाच भाग होता.

कप्तान कप घेऊन तागडीबाईंजवळ आले. म्हणाले, "त्या दिवशी मी खिडकीतून बोललो ते शोभलं नाही."

"त्या दिवशी माझी बेरीज चुकली होती."

"होती. पण तुम्ही अडवलं म्हणून मी त्यानंतर कधीच न मोजता उडालो नाही. हे मी कधी सांगितलं नाही, एवढंच."

तागडीबाईंनी मान हलवली.

विमान बंद झालं. व्यवस्थापकांनी फलक लावला, 'देखभालीसाठी', आणि ठोकळे परत बसवून तागडीबाईंची सही झाली की उघडायचं ठरवलं. दोन दिवस यजमान आणि मुकादम लोखंड वाहत होते. भोंगे निघाले. यजमान घरी आल्यावर कंबर धरून बसत आणि कुणी न विचारता म्हणत, "अडगळ म्हणालो मी त्याला." तागडीबाई शेक द्यायला गरम पाणी आणत. "म्हणालात," एवढंच त्या बोलत. सांत्वनाचा शब्द नाही, टोमणाही नाही. त्यांनी तक्रारीच्या कागदावर ठोकळे कुणी काढले, कुणी सांगितलं, कुणी विचारलं नाही, हे सगळं लिहिलं होतं. त्यात नवऱ्याचं नाव होतं, आणि 'परवा ठोकळे हलले तेव्हा मी पाहणी केली नव्हती' म्हणून स्वतःचंही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या सामानखोलीत वाकून गेल्या आणि मोजून बाहेर आल्या. फाटकापाशी लोकांची रांग लागली होती.

"एकोणचाळीस," त्या म्हणाल्या.

"एकोणचाळीस काय, चाळीस काय!" व्यवस्थापक घड्याळ बघत होते. "दांडा चारावर आहे. मुकादमानं मोजलाय. एका ठोकळ्यानं काय होणार आहे?"

"काही होणार नाही."

"मग करा की सही."

"तीही होणार नाही."

व्यवस्थापकांनी यजमानांकडे पाहिलं, तुम्हीच समजवा अशा नजरेनं. यजमान कपाळावर आठ्या घालून आठवत होते. सामानखोली, हातगाडी, छपराखालची कोपऱ्यातली रास... एकदम त्यांचा चेहरा ओशाळला.

"कार्यशाळेचं दार," ते म्हणाले. "वाऱ्यानं आपटायचं. त्याला लावलाय."

"मग?" तागडीबाईंनी विचारलं.

"आणतो."

"पंचवीस किलो आहे. कंबर बघा आपली. मुकादमांना घ्या बरोबर."

दोघं म्हातारे पटांगण ओलांडून निघाले. व्यवस्थापक रांगेतल्या लोकांना काहीतरी समजावत होते, हात जोडत होते. तागडीबाईंनी पेनाला टोपण लावलं, कागद मांडीवर उपडा ठेवला, आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसून राहिल्या.